इस्राएलाच्या वंशांची शिरगणती

हिब्रू शास्त्रात इस्राएलाच्या बारा वंशांच्या मोजणीच्या याद्या ठिकठिकाणी येतात. सर्वांत सविस्तर याद्या तोराच्या, म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या, चौथ्या पुस्तकात आहेत. हिब्रूत या पुस्तकाचे नाव ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’. मराठी बायबलात ते ‘गणना’ म्हणून ओळखले जाते. प्रत्येक पुरुष ‘गुल्गोलेत’प्रमाणे मोजावा, अशी तिथली आज्ञा आहे. गुल्गोलेत म्हणजे कवटी, डोके. मराठीतला ‘शिरगणती’ हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो.

पहिली गणती मिसर सोडल्यानंतर दुसऱ्या वर्षी सीनायच्या रानात झाली. वीस वर्षे व त्यावरचे, लढाईस लायक असे ६,०३,५५० पुरुष भरले. बायका-मुले यात नाहीत. लेवी वंशाकडे निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, सेवा असल्याने त्याची मोजणी वेगळी झाली.

हाच आकडा ‘निर्गम’ पुस्तकात चांदीच्या हिशोबात भेटतो. मोजल्या गेलेल्या प्रत्येकाने जिवाच्या खंडणीदाखल अर्धा शेकेल चांदी द्यायची; शेकेल हे वजनाचे माप. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. एकूण चांदी १०० किक्कार (मोठे वजन) आणि १,७७५ शेकेल जमली. ३,००० शेकेलांचा एक किक्कार धरला की हिशोब तंतोतंत जुळतो. त्या १०० किक्कारांतून पवित्रस्थानाच्या शंभर बैठका, म्हणजे मंडपाच्या फळ्या-खांबांखालचे आधार, ओतल्या. म्हणजे मंडप उभा राहिला तोच मुळी सगळ्यांच्या सारख्या वाट्यावर. या याद्यांचा अर्थ समजून घ्यायचा तर या बैठकांपासून सुरुवात करावी.

दुसरी गणती वाटचालीच्या शेवटी, यरीहोसमोर मवाबच्या मैदानात झाली. भरले ६,०१,७३०. एकूण आकडा जवळपास तोच, पण माणसे नवी: पहिल्या यादीतले कालेब आणि यहोशवा एवढेच उरले होते. शिमोन वंश ५९,३०० वरून २२,२०० वर आला, तर मनश्शे ३२,२०० वरून ५२,७०० वर गेला. या यादीवरूनच जमीन वाटायची होती. मोठ्या वंशाला मोठे वतन, लहानाला लहान. पुढे शिमोनाला वतन मिळाले तेही यहूदाच्या हद्दीत. सलाफहादाला मुलगा नव्हता. यादीत बापाचे नाव पुसले जाऊ नये म्हणून महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली इस्राएलाचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना वतन मिळाले.

आकड्यांबद्दल वाद जुना आहे. सहा लाख लढवय्ये म्हणजे बायका-मुलांसह वीस लाखांहून अधिक माणसे. एवढ्यांचा रानात निभाव लागणे कठीण. ‘एलेफ’ या शब्दाचा अर्थ हजार, तसाच कुळ किंवा तुकडीही होतो. त्यामुळे रऊबेनचे ४६,५०० म्हणजे ४६ तुकड्यांत ५०० माणसे, असे काही अभ्यासक वाचतात. तसे धरल्यास ५९८ तुकड्या आणि ५,५५० माणसे होतात. हजारांवरचे सुटे शेकडे सगळीकडे २०० ते ७०० यांच्यातच असल्याने हा तर्क आकर्षक वाटतो. मात्र मजकुरातली बेरीज ६,०३,५५० अशीच आहे. तेव्हा याद्या जुळवणाऱ्याने तरी एलेफ हजार म्हणूनच मोजला, हे मान्य करावे लागते.

पुढच्या काळातल्या दावीद राजाच्या गणतीची कथा रानातल्या या दोन गणत्यांच्या उलट आहे. सेनापती यवाब नको म्हणत असताना राजाने हुकूम सोडला. काम नऊ महिने वीस दिवस चालले आणि त्यापाठोपाठ आलेल्या मरीत ७०,००० माणसे गेली. शमुवेलाचे पुस्तक राजाला ही बुद्धी देवाच्या कोपामुळे झाली म्हणते, इतिहासाचे पुस्तक सैतानामुळे. त्या गणतीत अर्ध्या शेकेलाच्या खंडणीचा उल्लेखच नाही. माणसे थेट न मोजण्याचा संकेत यहुदी परंपरेत आजही पाळला जातो: प्रार्थनेला लागणारे दहा जण जमले का, हे दहा शब्दांचे वचन म्हणत, माणसागणिक एक शब्द उच्चारून पाहतात.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या ४२,३६० जणांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. तोवर प्रश्न लढाईचा उरला नव्हता, कूळ सिद्ध करण्याचा होता. तीन याजक घराण्यांनी वंशावळीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत. त्यांना याजकपणातून वगळले आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खायचे नाही, असे अधिपतीने बजावले.