आयसीडार परिषदेत ट्युटोरियल घ्यायचंय? प्रस्ताव असा तयार करा

ओसीआर (प्रतिमेतला मजकूर यंत्राने वाचणं), हस्ताक्षर ओळखणं, छापील तक्ते आणि नकाशे वाचणं अशा कामांत असलेल्यांची मुख्य जागतिक परिषद म्हणजे आयसीडार. ती 1991 मध्ये फ्रान्समधल्या सां-मालो इथे सुरू झाली आणि 1999 मध्ये बंगळुरूलाही भरली. आधी दोन वर्षांतून एकदा होणारी ही परिषद आता दरवर्षी होते. 2023 मध्ये ती सान होजेला झाली, 2024 मध्ये अथेन्सला, 2025 मध्ये वुहानला. तिथे पेपर कसा पाठवायचा हे आपल्याकडच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, पण ट्युटोरियलचा विषय निघाला की ‘ते मोठ्या लोकांचं काम’ म्हणून सोडून देतात. तसं सोडून देऊ नये.

पेपरमध्ये तुम्ही नवा निष्कर्ष मांडता. वर्कशॉपमध्ये इतरांचे पेपर मागवून चर्चा घडवता. ट्युटोरियलमध्ये एखादा विषय मुळापासून शिकवायचा असतो, बहुधा अर्ध्या दिवसात. मुख्य परिषदेच्या आगेमागे त्यासाठी वेगळे दिवस राखलेले असतात. ट्युटोरियलचं आवाहन पेपरच्या आवाहनापेक्षा वेगळं निघतं आणि त्याची मुदतही वेगळी असते, म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावरचं त्या वर्षीचं आवाहन आधी शब्दन् शब्द वाचा. मुदतीपुढे ‘एओई’ (एनिव्हेअर ऑन अर्थ) लिहिलं असेल, तर त्या तारखेची मध्यरात्र जगातल्या सर्वांत मागच्या घड्याळाने मोजतात. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात.

कोण पाठवू शकतं

यात वयाची किंवा पदवीची चाळणी नसते, पाहतात तो विषयावरचा अधिकार. त्या विषयावर तुमचे पेपर, डेटासेट किंवा लोक वापरत असलेला कोड आहे का, आणि तुम्ही पूर्वी शिकवलं आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. पीएचडी चालू असलेल्याने एकट्याने प्रस्ताव पाठवण्यापेक्षा मार्गदर्शक किंवा दुसऱ्या संस्थेतला अनुभवी संशोधक जोडीला घ्यावा. दोन-तीन वक्ते पुरेत. वेगवेगळ्या संस्थांमधले असतील तर आणखी चांगलं, कारण मग ट्युटोरियल एकाच प्रयोगशाळेची जाहिरात वाटत नाही. नावं देताना प्रत्येकाची संमती घ्या आणि प्रत्यक्ष हजर कोण राहणार ते स्पष्ट लिहा.

प्रस्तावात काय जोडायचं

साधारणपणे काही पानांची एकच पीडीएफ मागतात. तिच्यात शीर्षक, छोटा गोषवारा, वक्त्यांची नावं, संस्था, ईमेल आणि थोडक्यात परिचय, कालावधी, श्रोते कोण आणि त्यांना आधी काय येत असावं, तपशीलवार आराखडा, संदर्भसूची, आणि स्लाइड्स, कोड वगैरे काय देणार हे सगळं यावं. हेच ट्युटोरियल पूर्वी कुठे घेतलं असेल तर कुठे, केव्हा आणि या वेळी काय बदललं, तेही लिहा. परिचयात सगळा बायोडाटा ओतू नका. या विषयाशी संबंध असलेले चार-पाच पेपर आणि शिकवण्याचा अनुभव एवढं पुरतं.

निवड खऱ्या अर्थाने ठरते ती आराखड्यावर, म्हणून आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. समजा, विषय आहे ‘मोडी लिपीतली ऐतिहासिक कागदपत्रं यंत्राकडून वाचून घेणं’. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मराठी कागद, एवढी सामग्री आपल्याकडे पडून आहे. पण व्हिएन्ना किंवा टोकियोहून आलेल्या श्रोत्याने मोडी का ऐकावी? याचं उत्तर प्रस्तावातच हवं. मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढतात आणि मग अक्षरं लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नाहीत. म्हणजे आधी शब्द वेगळे काढून मग ओळखायचे, ही नेहमीची पद्धत इथे पहिल्याच पायरीला अडते. पूर्ण ओळ एकदम वाचणारं मॉडेल आणि त्याच्या जोडीला भाषेचं ज्ञान लागतं. कुझुशिजी हे जुनं जपानी वळणदार हस्ताक्षर वाचणाऱ्यालाही जोडलेल्या अक्षरांची आणि शब्दांमधल्या न सोडलेल्या जागेची हीच अडचण येते. असा धागा दाखवलात की विषय एका प्रांताचा राहत नाही.

मग वेळ वाटून दाखवा. पहिली तीस मिनिटं लिपी आणि कागदांची अवस्था. पुढची चाळीस ओळी वेगळ्या करणं. मग सुमारे तासभर सीटीसी (अक्षरं वेगळी न तोडता ओळ वाचायला शिकवण्याची पद्धत) आणि ट्रान्सफॉर्मर (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) यांवर आधारलेलं ओळवाचन. चहाच्या सुट्टीनंतर नोटबुकवर (म्हणजे टप्प्याटप्प्याने चालवून पाहता येणाऱ्या कोडच्या फाइलवर) प्रत्यक्ष काम, आणि शेवटी चुका मोजण्याच्या पद्धती व प्रश्नोत्तरं. प्रत्येक भाग कोणता वक्ता घेणार तेही लिहा. ‘सद्यस्थितीचा आढावा, 90 मिनिटं’ अशी मोघम ओळ वाचून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि स्वतःच्या कामाला एखादाच भाग द्या. तुमच्या पद्धतीपेक्षा सरस ठरलेल्या पद्धतीही तितक्याच आस्थेने शिकवायच्या असतात, असं मी ठामपणे मानतो.

प्रत्यक्ष काम ठेवणार असाल तर इंटरनेट गेलं तरी चालेल अशी सोय आणि लहानसा नमुना-डेटा ठेवा. दप्तरखान्यातल्या कागदांच्या प्रतिमा वापरणार असाल, तर त्या दाखवण्याची आणि वाटण्याची लेखी परवानगी प्रस्तावाआधीच मागा. हे पत्र प्रस्तावासोबत मागत नाहीत, पण मिळायला वेळ लागतो.

पाठवल्यानंतर

प्रस्ताव आवाहनात सांगितलेल्या पत्त्यावर, बहुधा ट्युटोरियल चेअरना (ट्युटोरियलची जबाबदारी असलेल्या आयोजकांना) ईमेलने जातो. विषय परिषदेला किती जवळचा, वक्त्यांचा अधिकार किती, आराखडा किती पक्का आणि त्याच वर्षीच्या इतर प्रस्तावांशी किती मिळताजुळता, यावर विचार होतो. कधी दोन सारखे प्रस्ताव एकत्र करायला किंवा कालावधी कमी करायला सांगतात. अशा सूचनेला लगेच आणि मोकळ्या मनाने उत्तर द्या.

स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: वक्त्यांना नोंदणीशुल्कात सवलत आहे का, आणि व्हिसासाठी निमंत्रणपत्र कोण देणार. प्रवासखर्चाचा अर्ज आपल्या संस्थेकडे करताना तेच स्वीकृतीपत्र, आराखडा आणि खर्चाचा अंदाज जोडावा लागतो. त्यानंतर ट्युटोरियलचं छोटं संकेतस्थळ उभं करा आणि वाचायचं साहित्य व नोटबुक श्रोत्यांना परिषदेआधी उघडून पाहता येईल असं तिथे ठेवा.