तंबाखू खरेदीची किमान वयोमर्यादा आणि कोकण किनारा

ठराविक वयाखालील व्यक्तीला सिगारेट, विडी, मशेरी, खाण्याचा तंबाखू इत्यादी पदार्थ विकण्यास मनाई करणारी कायदेशीर तरतूद. भारतात ही मर्यादा 18 वर्षांची असून ती सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने अधिनियम, 2003 याच्या कलम 6 मध्ये आहे. याच कलमाने शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत म्हणजे सुमारे 91 मीटरांत तंबाखूविक्रीस बंदी घातली आहे. दंड 200 रुपयांपर्यंत असून तो विकणाऱ्यावर बसतो, विकत घेणाऱ्या मुलावर नव्हे. गिऱ्हाईक सज्ञान होते हे सिद्ध करण्याची जबाबदारीही नियमांनी विक्रेत्यावरच टाकली आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 याच्या कलम 77 ची जरब याहून पुष्कळ मोठी आहे: बालकाला तंबाखू नुसता दिला तरी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अशा कायद्याने मुलांमधील धूम्रपान किती घटते, याचे उत्तर अंमलबजावणीवर अवलंबून असल्याचे परदेशांतील अनुभवावरून दिसते. अमेरिकेतील नीडम या गावाने 2005 मध्ये वयोमर्यादा 21 केली. तेथील शालेय विद्यार्थ्यांतील धूम्रपानाचे प्रमाण 2006 ते 2010 या काळात 13 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले, तर आसपासच्या गावांत ते 15 वरून 12 टक्क्यांपर्यंतच उतरले. इंग्लंडने 2007 मध्ये मर्यादा 16 वरून 18 वर नेल्यानंतर 16-17 वर्षांच्या मुलांमधील घट मोठ्यांपेक्षा अधिक आढळली. मात्र मॅसॅच्युसेट्समधील 1997 सालच्या एका अभ्यासात बहुतेक दुकानदार नकार देऊ लागले, तरी मुलांचे ओढणे कमी झाले नाही. नाही म्हणणारी दहा दुकाने असली, तरी हो म्हणणारे एक सर्वांना पुरते.

कोकणात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. येथे धुरापेक्षा तोंडातला तंबाखू अधिक चालतो: 2016-17 च्या प्रौढ सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणाऱ्यांचे प्रमाण 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे 24.4 टक्के होते. शहरातला दुकानदार वय ओळखता आले नाही अशी सबब सांगू शकतो. वाडीवरच्या दुकानात ती टिकत नाही, कारण दुकानदाराला समोरचे पोर कोणाचे, कितवीत शिकते, हे ठाऊक असते. तरीही तो पुडी देतो, आणि त्याचे कारणही ओळखच असते. मुठीत घट्ट धरलेली नोट फळीवर ठेवून मूल सांगते, "आजोबांनी पुडी आणि चुना मागितलाय," आणि बरणीतून पुडी बाहेर येते. आजीची मशेरीही अशीच घरी पोचते. मूल केवळ निरोप्या आहे असे सर्वांना प्रामाणिकपणे वाटते. कायद्याच्या लेखी मात्र ती अल्पवयीनाला केलेली विक्रीच ठरते, आणि पुडीचा वास, भाव व मळण्याची रीत मुलाला याच फेऱ्यांत कळते. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर कमावते झालेले पोर मोठ्यांत धरले जाते आणि होडीवर तंबाखू हातोहात फिरतो. तेथे विक्रीच होत नसल्याने कलम 6 पोचत नाही, कलम 77 पोचते.

सुटी विडी-सिगारेट हा दुसरा मार्ग. पाकीट परवडत नाही, एक नग परवडतो. शिवाय त्यावर धोक्याचे चित्रही नसते. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, ती या कायद्याला पूरक आहे.

शेजारच्या कर्नाटकाच्या विधिमंडळाने 2024 मध्ये ही मर्यादा 21 करणारी दुरुस्ती संमत केली. महाराष्ट्रातही तशी वाढ इष्टच ठरेल. परंतु देशातील 13 ते 15 वयोगटाच्या 2019 मधील शालेय सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच सुरुवात केली होती. त्या वयाच्या मुलापुढे 18 आणि 21 यांतला फरक उरत नाही. त्याला पुडी आणायला कोण पाठवतो, एवढाच प्रश्न उरतो.