पोलादी हाताची खडाखडी

विज्ञानकथेतला एक पैलवान आपण खासबाग मैदानात उतरवू या. साल 2090. उजवा हात खांद्यापासून पोलादाचा, आत मोटारी आणि बॅटरी, एका हातानं 300 किलो उचलायची ताकद. समोर तालमीत जोर-बैठका काढून तयार झालेला हाडामांसाचा मल्ल. अशा कथांत निकाल आधीच ठरलेला असतो. मला तो पटत नाही. का पटत नाही ते सांगितलं, की कृत्रिम अवयवांचं खरं दुखणं कुठं आहे तेही कळेल.

ताकदीचा हिशोब आधी उरकू. पोलादी हात समोर सरळ धरून त्यानं 300 किलो उचलले, असं समजा. वजन पाठीच्या कण्यापासून 60 सेंटीमीटर पुढे. ते तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या जेमतेम 5 सेंटीमीटर मागे. तरफेच्या नियमानं त्यांना 12 पट ओढ द्यावी लागेल, म्हणजे 3600 किलोंची. साखरेची 50 किलोंची 72 पोती झाली ही, आणि तो सगळा दाब कंबरेच्या एका मणक्यावर. (हिशोब ढोबळ आहे, धडाचं वजन यात धरलेलंच नाही.) हात शाबूत राहील, मणका चुरडेल. खरं तर त्याआधीच गडी तोंडावर आपटेल, कारण सगळा तोल पावलांच्या पुढे गेलेला असेल. हात बदलायचा तर खांदा, कणा, कंबर, पाय सगळंच बदलावं लागेल.

धातू हाडाला जोडायचा कसा, हा प्रश्न मात्र बऱ्यापैकी सुटला आहे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवर प्रयोग करताना आढळलं, की टायटॅनियम हाडात असं एकजीव होतं की काढू म्हटलं तरी निघत नाही. आज दाताचं इम्प्लांट बसवतात ते त्याच जोरावर.

आता कुस्तीकडे येऊ. सलामी झाली की लगेच डाव पडत नाही. मल्ल एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकतात, ढकलतात, ओढतात. ही खडाखडी. नवख्याला वाटतं, वेळ काढताहेत. पण त्या वेळात दोघंही समोरच्याचा अंदाज घेत असतात: भार कोणत्या पायावर आहे, दम कितपत लागलाय, मान ताठ आहे की ढिली पडलीय. डोकी एकमेकांच्या खांद्याला भिडलेली, डोळ्यांना दिसतं ते फक्त मातीचं. बाकी सगळं तळहाताला कळतं.

माणसाच्या एका हाताच्या तळव्याकडच्या कातडीला स्पर्शाची खबर देणारे सुमारे 17,000 मज्जातंतू येऊन मिळतात. हातातला पेला निसटू लागला की पकड आपोआप घट्ट होते, तीही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, आपल्या लक्षात येण्याआधी. हुकूम खाली जातो आणि खबर वर येते, अशी ही अखंड ये-जा. अमेरिकी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी 1948 मध्ये या ये-जा करण्याच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ म्हटलं, तो शब्द सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून घेतला. होडी किती वळली हे कळलं तरच सुकाणूवरचा माणूस पुढचा हिसका देणार. ‘सायबॉर्ग’, म्हणजे शरीराला यंत्र जोडलेला माणूस, हा शब्द 1960 मधला, मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळवीरांचा विचार करताना घडवलेला. जोडलेलं यंत्र शरीराला आपणहून, नकळत सांभाळून घेईल, एवढीच त्यांची कल्पना होती. पोलादी दंड त्यावर कथांनी चढवले.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचा उजवा पंजा कडबाकुट्टीत गेला. पुढे नातेवाइकांनी पैसे जमवून त्यांना स्नायूंच्या विजेवर चालणारा हात घेऊन दिला. कोपराखालचा स्नायू आवळला की कातडीवर अगदी क्षीण वीज उमटते, व्होल्टच्या हजाराव्या भागाइतकी, कित्येकदा त्याहून कमी. ती इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचा संदेश घेणारा-देणारा धातूचा तुकडा, टिपतो आणि मोटार बोटं मिटवते. हुकूम जातो, पण खबर परत येत नाही. या हातानं चहा पिताना काका आमच्याशी बोलतात, पण नजर पेल्यावरच. “धरलंय का सुटलंय, बघितल्याबिगर कळत न्हाई,” ते म्हणतात. बहुतेक दिवस तो हात कपाटात असतो आणि काका उरलेल्या हातावर काम भागवतात. त्यांच्याइतकं नेमकं निदान मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मग खबर थेट मज्जातंतूत का सोडू नये? सोडता येते. अपघातात पंजा गमावलेल्या डेन्मार्कच्या एका माणसाच्या दंडातल्या मज्जातंतूंत इटलीतल्या डॉक्टरांनी इलेक्ट्रोड बसवले. डोळे बांधलेले असतानाही हातातली वस्तू मऊ आहे की कडक, हे त्याला ओळखता आलं. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण चाचणीच्या सुरक्षा नियमांमुळे महिनाभरानं ते इलेक्ट्रोड काढावे लागले.

ते कायमचे ठेवायचे म्हटलं तर शरीराची खोड आडवी येते. पायात काटा मोडून राहिला की भोवती कुरूप होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मज्जातंतूत किंवा मेंदूत शिरलेल्या तारेभोवतीही शरीर तसंच राठ कवच बांधतं आणि संदेश मंदावत जातो. शिवाय मेंदू लोण्यासारखा मऊ, आत हलणारा. 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीनं पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवल्या, त्यातल्या काही थोड्याच आठवड्यांत मागे सरकल्या.

तरी मला निराश वाटत नाही, आणि त्याचं कारण मेंदूच आहे. ऐकू येण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपास असतात. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट त्यांच्या जागी दोन डझनही इलेक्ट्रोड देत नाही. सुरुवातीला नुसती खरखर ऐकू येते, आणि काही महिन्यांत त्याच खरखरीतून मेंदू शब्द वेचायला शिकतो. खबर तुटपुंजी असली तरी चालते, ती यायला मात्र हवी.

हे सगळं काकांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, “च्या गरम हाय का गार, कळंल का?”

त्याचंही उत्तर आता मिळू लागलं आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीतल्या संशोधकांनी कृत्रिम बोटाला तापमान मोजणारी पट्टी लावली आणि तेच तापमान उरलेल्या हाताच्या कातडीवर एका ठरावीक जागी पोचवलं. कुठंही चिरफाड केली नाही. 2024 मध्ये त्यांनी दाखवलं, की हात गमावलेल्या माणसाला ऊब जाणवली ती आता नसलेल्या हातात, आणि गरम, गार, साधी अशा बाटल्या त्याला ओळखता आल्या.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी उजवी बाही वर सारली, डाव्या हातातला चहाचा पेला मनगटाच्या उरलेल्या टोकाजवळ टेकवला आणि हळूहळू वर सरकवत नेला. मधेच थांबले.

“हितं,” म्हणाले. “हितं टेकलं की अंगठ्याला लागतंय.”