डिव्हिजन वनच्या कॉन्फरन्समध्ये कॅथलिक कॉलेजचा प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका अडतो कुठे

अमेरिकेत मुले शिकायला असलेले मराठी पालक मार्च महिना आला की हमखास विचारतात, की आमच्या मुलाच्या कॉलेजने बास्केटबॉलची कॉन्फरन्स स्पर्धा जिंकली, तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत त्याचे नाव का नाही? (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट; डिव्हिजन वन ही कॉलेजांच्या खेळांची सर्वांत वरची पातळी, तिच्याखाली टू आणि थ्री.) याचे उत्तर बहुतेक वेळा मैदानावर नसून कॉलेजच्या प्रवेशअर्जाच्या फायलीत असते. म्हणून ही फाइल कशी हलते आणि कुठे अडून बसते, ते येथे सांगितले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. कॅथलिक असणे ही कोणत्याच कॉन्फरन्सची लेखी पात्रता नाही. डिसेंबर 2012 मध्ये डीपॉल, जॉर्जटाउन, मार्केट, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल आणि व्हिलानोव्हा या सात कॅथलिक संस्थांनी जुन्या बिग ईस्ट या कॉन्फरन्समधून बाहेर पडण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना जोडणारा धागा धर्मापेक्षा अर्थकारणाचा होता, कारण त्यांच्याकडे मोठ्या पैशांचे फुटबॉल नव्हते आणि बास्केटबॉल हेच त्यांचे मुख्य भांडवल होते. 1 जुलै 2013 रोजी नवी बिग ईस्ट उभी राहिली, तेव्हा क्रेटन आणि झेवियर या कॅथलिक संस्थांबरोबर बटलरलाही घेतले गेले, आणि बटलर कॅथलिक नाही. (झेवियर म्हणजे ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत तेच संत.) 2020 मध्ये परत आलेले कनेक्टिकट तर सरकारी विद्यापीठ आहे. तेव्हा ‘आम्हीही कॅथलिक, आम्हालाही घ्या’ एवढ्या बळावर दार उघडत नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. डिव्हिजन टूमधून वर येऊ पाहणाऱ्या कॉलेजला एनसीएए या कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. किमान चौदा खेळांचे संघ, शिष्यवृत्त्यांवरचा किमान खर्च, पुढील वर्षांचा आराखडा आणि दहा लाख डॉलरांहून अधिक शुल्क, ही पूर्तता कष्टाची असली तरी आपल्या हातातली आहे. हातात नसतो तो एकच कागद: डिव्हिजन वनमधल्या एखाद्या मान्यताप्राप्त कॉन्फरन्सचे लेखी निमंत्रण. 2011 पासून ते नसेल तर अर्जच दाखल होत नाही. ते मागून मिळत नाही, त्याचा छापील नमुना नाही, आणि कॉन्फरन्समधल्या कॉलेजांचे अध्यक्ष मतदान करून ते कधी देतील याचे वेळापत्रकही नाही. एखादा सदस्य सोडून गेला आणि जागा रिकामी झाली, की एकदम फोन येतो. अर्जाची मुदत 1 जूनला संपते, त्यामुळे सगळी धावपळ वसंतात होते. स्टोनहिलची घोषणा एप्रिल 2022 मध्ये झाली, ल मॉइनची मे 2023 मध्ये आणि मर्सीहर्स्टची एप्रिल 2024 मध्ये. तिन्ही कॅथलिक, आणि तिघांना बोलावणारी कॉन्फरन्स एकच, नॉर्थईस्ट. ज्यांनी बाकीची फाइल आधीच तयार ठेवली होती त्यांनाच ही मुदत गाठता येते. निमंत्रण आल्यावर कागद गोळा करू म्हणणाऱ्याचे वर्ष वाया जाते.

डिव्हिजन थ्रीमधून थेट वर येण्याची वाट नियमात नव्हतीच. मिनेसोटातील सेंट थॉमसला 2019 मध्ये त्याच्याच कॉन्फरन्सने, ते फार जिंकते या कुरबुरीनंतर, बाहेरचा रस्ता दाखवला. नेहमीच्या मार्गाने म्हणजे आधी डिव्हिजन टू आणि मग वन असे जायचे, तर बारा वर्षे लागली असती. समिट लीग या डिव्हिजन वनच्या कॉन्फरन्सचे निमंत्रण हाती असल्यामुळे जुलै 2020 मध्ये विशेष सवलत मिळाली आणि 2021 पासून ते वर खेळू लागले. ही सवलत तेव्हा अपवाद होती; थ्रीमधून थेट येण्याची तरतूद नियमांत पुढे आली.

सर्वांत जास्त लोक फसतात ते वर आल्यानंतरच्या संक्रमणकाळाच्या अटीत. निमंत्रण मिळाले, संघ डिव्हिजन वनच्या वेळापत्रकात आला, सामने वर्तमानपत्रात छापून येऊ लागले, म्हणजे सगळे हक्क मिळाले असे वाटते. तसे नसते. ही संक्रमणाची मुदत पूर्वी डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांसाठी चार आणि थ्रीमधून येणाऱ्यांसाठी पाच वर्षांची होती, आणि त्या काळात संघाला एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नसे. 2022 मध्ये लुइव्हिलच्या बेलारमाइनने अंतिम सामन्यात जॅक्सनव्हिलला 77–72 असे हरवून एएसयूएन कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. कॉन्फरन्सच्या नियमानुसार राष्ट्रीय स्पर्धेतली जागा नियमित हंगामात पहिल्या आलेल्या जॅक्सनव्हिल स्टेटला मिळाली, जो संघ अंतिम फेरीत पोहोचलाही नव्हता. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील ऑगस्टिनियन संस्था मेरिमॅकने नॉर्थईस्टच्या अंतिम सामन्यात फेअर्ली डिकिन्सनवर 67–66 अशी मात केली. येथे नियम वेगळा होता आणि जागा उपविजेत्याला गेली. एका गुणाने हरलेला तोच संघ दहा दिवसांनी अव्वल मानांकित पर्ड्यूला 63–58 असे हरवून इतिहासात जमा झाला, आणि मेरिमॅकची मुले ते घरी बसून पाहत होती. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना चार वर्षे थांबा म्हणणे म्हणजे त्यांच्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांवर पाणी सोडा म्हणणे आहे, हे नियम करणाऱ्यांना उमगायला बराच काळ लागला. जानेवारी 2025 मध्ये ही मुदत डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांसाठी तीन आणि थ्रीमधून येणाऱ्यांसाठी चार वर्षांवर आणली गेली, मात्र त्यासाठी शैक्षणिक निकषांची पूर्तता दाखवावी लागते. पाल्याला अशा कॉलेजात बास्केटबॉलसाठी पाठवत असाल, तर शिष्यवृत्तीच्या पत्राआधी संक्रमणाचे कितवे वर्ष चालू आहे ते विचारावे.

जे आधीच डिव्हिजन वनमध्ये आहेत आणि फक्त कॉन्फरन्स बदलत आहेत, त्यांना हा वनवास नाही. लॉयोला शिकागो 2022 मध्ये अटलांटिक टेनमध्ये आले आणि पहिल्याच हंगामापासून पात्र होते. त्यांची अडचण सोडचिठ्ठीची असते. जुन्या कॉन्फरन्सला पूर्वसूचना, बाहेर पडण्याचे शुल्क आणि 1 जुलैची तारीख यांचा मेळ घालावा लागतो. गॉन्झागाने पॅक-12 मध्ये जाण्याची घोषणा 1 ऑक्टोबर 2024 रोजी केली, पण प्रवेशाची तारीख जुलै 2026 ठरली.

कॉन्फरन्स वाढली की कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी होणारे सामने आक्रसतात, हा हिशेब निमंत्रणाच्या आनंदात कुणी करत नाही. दहा संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले की अठरा सामने होतात; अकरावा आला की वीस. बिग ईस्टमध्ये 2020 नंतर नेमके हेच झाले, आणि एकतीस सामन्यांच्या हंगामात बाहेरच्यांसाठी जेमतेम अकरा तारखा उरल्या. शेजारपाजारच्या जुन्या कॅथलिक लढती याच तारखांत बसवायच्या असतात. फिलाडेल्फियात व्हिलानोव्हा, सेंट जोसेफ्स आणि ला सॅल हे पेन व टेंपलसह 1955 पासून बिग फाइव्ह म्हणून एकमेकांशी खेळत आले; 2023 मध्ये ड्रेक्सेल सहावा आला आणि सगळ्यांनी सगळ्यांशी खेळण्याची पद्धत संपून प्रत्येकाच्या वाट्याला तीन सामने आले.

या उरलेल्या तारखा कशा भरल्या, यावर राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीचा निर्णय अवलंबून असतो. 2018-19 पासून वापरात असलेल्या नेट या एनसीएएच्या संघ-क्रमवारीनुसार विजयांचे गट पडतात, पहिला सर्वांत मोलाचा; तीत साठाव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवले तर तो विजय दुसऱ्या गटात पडतो, आणि त्याच संघाला त्याच्या मैदानावर हरवले तर पहिल्या गटात. डिव्हिजन वनबाहेरच्या संघावरचा विजय तर या क्रमवारीत धरलाच जात नाही. कॅलिफोर्नियातील सेंट मेरीज 2016 मध्ये 27 विजय आणि 5 पराभव अशी कामगिरी घेऊन बसले होते, तरी निवड झाली नाही, कारण कॉन्फरन्सबाहेरचे बहुतेक सामने घरीच आणि सोप्या संघांशी ठेवले होते.

म्हणून सामन्याचा करार करताना परतीच्या सामन्याचे वर्ष, मैदान आणि रद्द केल्यास द्यावयाची रक्कम हे तिन्ही कागदावर असावे, आणि मधल्या काळात एखाद्याची कॉन्फरन्स बदलली तर काय, याचे कलम त्यातच घालून घ्यावे. ते नसेल, तर मोठा संघ आपला सामना घरी खेळून घेतो आणि परतीच्या वर्षी ठरलेली रक्कम भरून मोकळा होतो.