मागच्या दाराकडे निघालेली आई

रात्री तीनच्या सुमाराला आई उठायची आणि थेट बाल्कनीच्या दाराशी जाऊन कडी चाचपायची. संडास तिच्या पलंगापासून सात पावलांवर, दिवाही चालू. तरी ती उलट्या दिशेला. मग लादीवरच व्हायचं आणि मी चिडायचे. ती परसाकडे निघालेली असायची, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. तिच्या माहेरी संडास घरामागे होता, मागच्या दारानं जायचा. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्यात अलीकडचं आधी पुसलं जातं, लहानपणीचं बरंच तग धरतं. आमचा फ्लॅट तिच्या डोक्यातून गेला, मागचं दार राहिलं.

अशा वेळी दोष मूत्राशयाचाच असतो असं नाही. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. पुढचं काम मेंदूचं. कपाळामागचा भाग 'जरा थांब' म्हणतो, तेवढ्यात आपण जागा आठवतो, दार ओळखतो, नाडी सोडतो, बसतो. यातली एक कडी निसटली तरी कपडे ओले होतात. 'मुद्दाम करते' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांना ही साखळी सांगावीशी वाटते.

नजरेचंही तसंच. डोळे ठीक असतात, पण दिसलेल्याचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. पांढऱ्या टाइल्सवरचा पांढरा कमोड दिसतच नाही. दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटतं. आम्ही कमोडला लाल सीट बसवली, पायपुसणं काढलं, दार सताड उघडं ठेवलं. आरशावर टॉवेल टाकला, कारण आत 'ती बाई' बसलेली असताना आई जाईना. नाडीच्या जागी इलॅस्टिक आलं. खर्च किरकोळ, फरक मोठा.

"लागली का?" हा प्रश्न मी सोडून दिला, उत्तर 'नाही' हेच. आता दर दोन-अडीच तासांनी "आई, चल जरा माझ्याबरोबर" म्हणते. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर तर हमखास, कारण पोटात काही गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं. पाणी मात्र कमी करू नये. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चुरचुरतं, बद्धकोष्ठ होतं, आणि साचलेला कडक मळ मूत्राशयावर दाब देतो. शेवटचा चहा तेवढा संध्याकाळी लवकर.

बिघाड अचानक वाढला तर डिमेन्शियावर ढकलून मोकळं होऊ नये. म्हातारपणी लघवीचा संसर्ग तापाशिवायही येतो आणि माणूस एका दिवसात जास्तच भ्रमिष्ट होतो. औषधांची गंमत वेगळीच: स्मृतीसाठीचं डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिन हे नसांचे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं, त्यानं लघवीची घाई होऊ शकते, घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन त्याच रसायनाची वाट अडवतं आणि विसरभोळेपणा वाढवू शकतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींशी भांडत नाहीत ना, हे विचारून घ्यावं. आणि आजाराच्या सुरुवातीलाच लघवी सुटत असेल, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल झाली असेल, तर मेंदूतलं पाणी साठण्याचा एक आजार तपासायलाच हवा. सालोमोन हाकिम आणि रेमंड अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी १९६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात नळी बसवून काही रुग्ण बरेच सुधारतात.

डायपर वापरावाच लागतो, पण ओला ठेवू नये; लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि त्वचा सोलवटते. बायकांना पुसताना हात पुढून मागे.

अंघोळ हे खरं रणांगण. "झाली माझी," असं कोरड्या अंगानं ती ठणकावून सांगते. डोक्यावर एकदम पाणी पडलं की किंचाळते. म्हणून मी आधी पायांवर पाणी घालते, खांद्यांवर पंचा राहू देते आणि तांब्या तिच्याच हातात देते. हातांनी शिकलेल्या गोष्टींची स्मृती मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते, ती उशिरापर्यंत टिकते. परवा तिनं तांब्या बुडवून भरला आणि आधी माझ्या पायांवर ओतला. "गार नाही ना गं?"