अमेरिका खाली येईस्तोवर थांबायचं की!

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही गल्लीत आता एक तरी घर असं असतंच, ज्यातला मुलगा नाहीतर मुलगी परदेशात असते. त्यामुळे विमानाचे तास लोकांना पाठ आहेत. मुंबईहून लंडनला जाताना साधारण तासभर जास्त लागतो, येताना कमी. का, असं विचारलं की कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, पृथ्वी फिरते म्हणून. वर एखादा शहाणा भर घालतो, "मग विमान वरच थांबवायचं की! अमेरिका खाली आली की उतरायचं."

गंमत बघा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ही समजूत खरी असती तर आपण लंडनकडे निघालो की लंडनही आपल्याकडे धावत आलं असतं आणि जातानाच वेळ वाचला असता. घडतं नेमकं उलटं.

बेळगावच्या सांबरा विमानतळावर उभं असलेलं विमान आपल्याला स्थिर दिसतं. पण बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथली जमीन ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेला चालली आहे. विमान, त्यातले प्रवासी आणि भोवतालची हवा, सगळ्यांना हा वेग आधीच मिळालेला असतो. चाकं जमिनीवरून उचलली म्हणून तो नाहीसा होत नाही. त्यामुळे वर थांबलेल्या विमानाखाली सांबराच राहील, अमेरिका येणार नाही.

तरीही पृथ्वीचं फिरणं या प्रकरणातून पूर्ण सुटत नाही. ते वाऱ्याच्या आडून काम करतं, आणि खरी मजा इथेच आहे.

विषुववृत्तावरची जमीन ताशी १६७० किलोमीटरने फिरते. तिथली तापलेली हवा बारा-पंधरा किलोमीटर वर चढते आणि ध्रुवांकडे सरकू लागते. उत्तरेला जाताना ती पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ येत जाते. विषुववृत्तावर अक्षापासूनचं अंतर ६३७८ किलोमीटर, ३० अंशांवर सुमारे ५५२३. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवताना दोरी आत ओढून घेतली की दगड जास्त वेगाने फिरतो, तसंच हवेचं होतं. शाळेत शिकलेला कोनीय संवेग तो हाच: वेग गुणिले अक्षापासूनचं अंतर, आणि हा गुणाकार कायम राहतो. अंतर घटलं की वेग वाढलाच पाहिजे.

आता हिशेब करू. १६७० गुणिले ६३७८ भागिले ५५२३, म्हणजे ताशी सुमारे १९२८ किलोमीटर. ३० अंशांवरची जमीन मात्र १४४६ नेच फिरते. फरक ४८२, तोही पूर्वेकडे! जमिनीवरून पाहणाऱ्याला हा पश्चिमेकडून येणारा प्रचंड वारा वाटेल. जॉर्ज हॅडली या लंडनच्या वकिलाने १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांचं, म्हणजे उष्ण कटिबंधात विषुववृत्ताकडे पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचं, कोडं याच वाटेने सोडवायला घेतलं होतं, पण हवेचा वेग तेवढाच राहतो असं त्याने धरलं. त्याच्या पद्धतीने फरक २२४ च येतो, कारण दोरी आखडल्याने वाढणारा वेग त्यात धरलेलाच नाही. प्रत्यक्षात वातावरणातल्या मोठमोठ्या लाटा आणि भोवरे बराचसा संवेग वाटेतच पुढे उत्तरेला पळवतात. म्हणून वारा ४८२ पर्यंत पोहोचत नाही. तरी हिवाळ्यात उत्तर भारतावर ताशी १५०-२०० किलोमीटरचा जेट प्रवाह, म्हणजे फार उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो.

विमानाचा वेग मोजायचा तो हवेच्या तुलनेत. ९०० च्या वेगाने उडणाऱ्या विमानामागे १५० चा वारा असेल तर जमिनीवरून त्याचा वेग १०५० होतो, समोरून असेल तर ७५०. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं, तेव्हा 'ध्वनीपेक्षा वेगवान' अशी आरडाओरड झाली. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १३०० च्या वर गेला होता हे खरं, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीसारखंच उडत होतं.

याच वाऱ्याच्या भरवशावर एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेच्या वाटेने नेलं. अंतर सुमारे १४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. पंचांगात सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो. तो बघून तिकिटाची तारीख पुढे ढकलणारी मंडळी आपल्याकडे अजून आहेत. जेट प्रवाहाला वार कळत नाही, ऋतू मात्र चांगला कळतो.

कारण पावसाळ्यात आपल्या डोक्यावर चित्र पालटतं. तिबेटचं पठार तापतं आणि दक्षिण भारतावर पंधरा किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडून पश्चिमेला जोराचा वारा वाहू लागतो. हा पूर्वीय जेट प्रवाह १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने उजेडात आणला. जुलैत कधी उघडीप मिळाली तर बेळगावात नीट वर बघा. खालचे काळे ढग खानापूर-चोर्ल्याच्या बाजूने पूर्वेला पळत असतात आणि फार उंचावरचे पिसांसारखे पांढरे ढग उलटे, पश्चिमेकडे. त्या दिवसांत दक्षिणेतून आखाताकडे निघालेल्या विमानाला निदान अरबी समुद्रावर तरी वाऱ्याची साथ मिळते.

सांबऱ्याहून उडणाऱ्या छोट्या एटीआर विमानांना यातलं फारसं काही लागत नाही. ती पाच-सहा किलोमीटरवरून जातात आणि प्रवासही तासा-दीड तासाचा. त्यांना खालचाच वारा पुरतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडवतात आणि इथली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. म्हणून पावसाळ्यात पूर्वेला, हैदराबादला निघालेलं विमानसुद्धा बहुतेक वेळा आधी पश्चिमेकडे झेप घेतं आणि मग वळतं.