मेटल बँड आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एका स्टेजवर: हे सगळं सुरू कुठून झालं

मेटल, म्हणजे जोरदार गिटार आणि ड्रम्सचं भारी रॉक संगीत. मेटल बँडने सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत लाइव्ह वाजवलं म्हटलं की बहुतेकांना मेटालिका हा अमेरिकन बँडच आठवतो, आणि ते बरोबरही आहे, पण ही गोष्ट त्यांच्या १९९९ च्या कार्यक्रमाच्या तीस वर्षं आधी लंडनमध्ये सुरू झाली आणि ती कळल्याशिवाय मेटालिकाने नेमकं काय वेगळं केलं ते लक्षात येत नाही.

२४ सप्टेंबर १९६९, रॉयल अल्बर्ट हॉल. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड, शास्त्रीय पियानो शिकलेला माणूस, त्याने बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी तीन भागांचा अख्खा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची मोठी शास्त्रीय रचना, लिहिला. वाजवायला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर माल्कम आर्नल्ड. आर्नल्ड म्हणजे स्वतः सिंफन्या लिहिणारा, सिनेमाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालेला संगीतकार, त्याला या लांब केसांच्या पोरांसाठी उभं राहायची काही गरज नव्हती. तरी तो राहिला. ऑर्केस्ट्रातले काही वादक तालमीत नाराज होते आणि त्यांना ताळ्यावर आणायचं काम आर्नल्डनेच केलं, मला या सगळ्या इतिहासात हा माणूस फार मोठा वाटतो.

लॉर्डची कल्पना अशी होती की पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांसमोर उभे ठाकतात, एक वाजवतो तेव्हा दुसरा थांबतो, आणि शेवटच्या भागापर्यंत दोघं एकत्र येतात. आज ऐकलं तर जाणवतं की ते पूर्ण एकत्र येत नाहीत, आळीपाळीनेच बोलत राहतात. पण १९६९ मध्ये कोणी हे करूनच पाहिलं नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर याला गिटार घेऊन जोरदार रॉक करायचा होता, त्यामुळे १९७० च्या 'इन रॉक' मध्ये बँड एकदम दुसऱ्या टोकाला गेला, आणि त्याच अल्बमला आज लोक हेवी मेटलच्या पायाच्या दगडांपैकी एक मानतात. म्हणजे ऑर्केस्ट्रापासून पळण्यातून मेटलचा एक तुकडा घडला. त्यात कॉन्चेर्टोची मूळ स्वरलिपी १९७० मध्ये हरवली ती हरवलीच, पुढे मार्को दे खूय नावाच्या डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून ती परत लिहून काढली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये ती पुन्हा वाजली, यावेळी लंडन सिंफनीसोबत. रेकॉर्डिंगवरून सगळ्या ऑर्केस्ट्राचा एकेक भाग सोडवायचा म्हणजे काय काम असेल, विचार करा.

आता मुद्दा असा की हे अवघड का आहे. एक तर आवाज. व्हायोलिन, चेलो ही लाकडाची वाद्यं आणि शेजारी ड्रम्स आणि अँप्स, माइकमध्ये सगळं एकमेकांत घुसतं, म्हणून ड्रम्सभोवती पारदर्शक भिंती उभ्या करतात, प्रत्येक वाद्याला वेगळा माइक लावतात. दुसरं म्हणजे लय. ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवतो आणि बऱ्याचदा त्या इशाऱ्याच्या किंचित मागे असतो, बँड ड्रमरच्या मागे जातो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात रंजक आहे: मेटल गिटारवाला जो पॉवर कॉर्ड वाजवतो त्यात फक्त सा आणि प असतात, गंधार नसतोच, कारण एवढ्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारच्या आवाजात, गंधार घातला की आवाज गढूळ होतो. म्हणजे ती जागा रिकामी आहे! ऑर्केस्ट्राने तिथे शुद्ध गंधार ठेवला की तोच रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उजळतो, कोमल ठेवला की काळवंडतो. गिटारचीच ओळ व्हायोलिनवर गिरवली तर मात्र काहीच ऐकू येत नाही, डिस्टॉर्शन सगळं गिळतं.

हे मायकेल केमनला पक्कं ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत ओबो हे फुंकवाद्य शिकलेला, साठच्या दशकाच्या शेवटी स्वतःचा रॉक ग्रुप काढलेला, पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल' वर काम केलेला, नंतर 'डाय हार्ड' वगैरे सिनेमांना संगीत देणारा. मेटालिकाच्या १९९१ च्या 'नथिंग एल्स मॅटर्स' मधली तंतुवाद्यं त्याचीच, पण अल्बमच्या मिक्समध्ये ती बरीच मागे राहिली. पुढे त्यातूनच पूर्ण कॉन्सर्टची गोष्ट निघाली आणि २१ व २२ एप्रिल १९९९ ला बर्कलीमध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनी आणि मेटालिका एका स्टेजवर आले, रेकॉर्डिंग 'एस अँड एम' नावाने नोव्हेंबरमध्ये आलं. सुरुवात इटालियन सिनेसंगीतकार एन्नियो मोरिकोनेच्या त्या धूनने, जी बँड १९८३ पासून कार्यक्रमाच्या सुरुवातीला टेपवर लावत होता आणि आता समोर जिवंत वाजत होती. 'नो लीफ क्लोव्हर' हे गाणं खास या कार्यक्रमासाठी लिहिलेलं, ते ऑर्केस्ट्रापासूनच सुरू होतं आणि माझ्या मते सगळ्यात नीट जमलेलं तेच आहे. काही वेगवान गाण्यांत गर्दी होते हेही खरं, तिथे ऑर्केस्ट्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

त्यानंतर लाटच आली. स्कॉर्पियन्स या जर्मन बँडने २००० मध्ये थेट बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा घेतला, चेहरे रंगवून वाजवणाऱ्या 'किस' या बँडने २००३ मध्ये मेलबर्न सिंफनीच्या वादकांनाही चेहरे रंगवायला लावले. पण खरी पुढची पायरी युरोपातल्या अशा बँड्सनी गाठली जे गाणं लिहितानाच ऑर्केस्ट्रा धरून लिहितात. नॉर्वेच्या दिम्मू बोर्गिर या ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलच्या सगळ्यात काळोख्या शाखेतल्या, बँडने २०११ मध्ये ऑस्लोत नॉर्वेच्या रेडिओ ऑर्केस्ट्रा आणि स्कोला कांतोरम या गायनवृंदासोबत वाजवलं आणि ते सरकारी टीव्हीवर दाखवलं गेलं. नव्वदच्या दशकात त्याच देशात ब्लॅक मेटलचं नाव चर्च जाळण्याच्या बातम्यांत यायचं, त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. ग्रीसच्या सेप्टिकफ्लेश या बँडमध्ये तर ऑर्केस्ट्राचे भाग बाहेरच्या कोणाला लिहायला द्यावेच लागत नाहीत, त्यांचा गिटारवाला क्रिस्टोस अँटोनियू स्वतः संगीतरचना शिकलेला आहे.

मेटालिकाच्या गोष्टीत एक नाव राहिलं, क्लिफ बर्टन. बँडचा बेसिस्ट, बाखचा चाहता, सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. तो हे काहीच बघायला नव्हता, पण रचनाकारांमध्ये त्याचं नाव असलेल्या 'द कॉल ऑफ क्टुलू' या गाण्याच्या ऑर्केस्ट्रासोबतच्या रेकॉर्डिंगला २००१ मध्ये ग्रॅमी मिळालं. केमनही २००३ मध्ये गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये मेटालिका आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी पुन्हा एकत्र आले तेव्हा सिंफनीचा मुख्य डबल बेस वादक स्कॉट पिंगेल उभा इलेक्ट्रिक बेस घेऊन पुढे आला आणि बर्टनचा १९८३ चा सोलो त्याने डिस्टॉर्शनसकट वाजवला, बो फिरवत, आणि सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं.